ताळा

सिग्ने झोपली की मी टेबलावर कागद पसरते.
तीन वर्षं, बारा रकाने, एक पट्टी.
मेपर्यंत बीजगणित. जूनपासून भूमिती.
अंजिरं पिकायच्या आत त्रिकोण संपले पाहिजेत,
कारण ऑगस्टमध्ये बोगदा पुरा होतो
आणि बोगद्यापलीकडे आमचं काय
हे कंपनीने अजून कळवलेलं नाही.
पेरू म्हणतात. कदाचित ओमान.
त्रिकोणाला काय, कुठेही तीनच कोन,
असं हॅल्वर चिखलाचे बूट काढता काढता म्हणतो
आणि झोपायला जातो.

मिनेसोटाहून निघालेली पुस्तकं
सात आठवडे त्बिलिसीच्या जकातीत पडून आहेत.
उत्तरांचं पुस्तक तेवढं पोचलं.
आधी हसले. मग नाही.

इथे कुटाइसीत सत्त्याहत्तर म्हणत नाहीत,
तीन विसा नि सतरा म्हणतात.
बाजारात टोमॅटो घेताना मी अजून
दोन विसांच्या मध्ये कुठेतरी अडकते
आणि सिग्ने मागून सुटे पैसे पुढे करते,
मोजून, न बोलता.
हे तिला कधी जमलं, विचारायला हवं होतं.

मंगळवारी तिची वही तपासायला घेतली.
भागाकार सगळे उलटे.
आमच्याकडे भाज्य छपराखाली राहतो,
उत्तर छपरावर चढून बसतं.
हिने भाजक उजव्या कोपऱ्यात बसवलेला,
उत्तर त्याच्या पायाशी,
आणि दशांश टिंबाच्या जागी स्वल्पविराम,
जणू संख्येला अजून काही बोलायचंय.
लाल पेनने मी नऊ फुल्या मारल्या.
दहाव्या गणिताशी हात थांबला,
इतकी नीटनेटकी चूक कुणी करत नाही.

मग ताळा करून पाहिला.
भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी.
जुळलं. पुढचंही. दहाच्या दहा.
पान उलटलं, तर माझ्या रकान्यांत
जी पुढच्या हिवाळ्यात यायची होती
ती वर्गसमीकरणं,
क्ष दोन-दोन किमती घेऊन उभा,
शेजारी गोलगोल परक्या लिपीत एक शब्द
आणि त्याखाली दोनदा रेघ.

वही काखेत मारून खालच्या मजल्यावर गेले.
लामाराने एकतीस वर्षं
मोटारींच्या कारखान्यात गिअरचे दाते मोजलेत.
मला बघून तिने अक्रोड फोडणं थांबवलं नाही.
"नोव्हेंबरपासून येते," म्हणाली,
नव्या, खडबडीत इंग्रजीत.
आजवर आम्ही दोघी हातवाऱ्यांनी बोलत होतो.
पैशाचं काढलं तेव्हा मात्र हातोडी खाली ठेवली.
"नातू पोलंडला. त्याच्या बायकोशी
मला बोलता येत नव्हतं. आता थोडं येतं.
तुझी मुलगी शिकवते. हिशेब पुरा."
माझ्याविना पुरा झालेला हिशेब.
तो शब्द कुठला, एवढंच विचारलं.
"सावकाश," ती म्हणाली. "पोर पायऱ्या गाळते."
आणि ओंजळभर अक्रोड माझ्या हातात.

वर सिग्ने दारातच.
"फुल्या मारल्यास?"
"मारल्या."
तिने रबर आणलं.
लाल शाई रबराने जात नाही, कागद झिजतो,
तरी आम्ही बराच वेळ खोडत बसलो,
आठव्या फुलीपाशी पान फाटलं.

रात्री कागद पुन्हा पसरला. पट्टी सापडली नाही.
भूमितीच्या रकान्यात लिहिलं: लामाराला विचारणे.
त्रिकोणमितीच्या रकान्यात: सिग्नेला विचारणे.
हे आधी का नाही सुचलं, ते कुठल्याच रकान्यात बसेना.
ऑगस्टपाशी पेन्सिल रेंगाळली,
तिथे कोपऱ्यात, बारीक,
हातचा एक लिहून ठेवला.
कशात मिळवायचा ते अजून ठरलेलं नाही.